रौद्र रस, बंद जिनिंग आणि मावशींचं पातेलं

दुधनाकाठ

धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

रागावर एक फोटोमालिका चालू आहे. एकटीची नाही, पाच जणांची. कॅमेरा माझा. प्रकाशाचं बघणारा मित्र एरवी एकांकिकांना लाइट करतो. कपडे आणि मेकप एका मैत्रिणीकडे, तिचं परभणीत पार्लर आहे. एक मुलगी संभाजीनगरला नाट्यशास्त्र शिकते. आणि पाचव्या मावशी. त्यांनी उमेदीची वर्षं सेलूकडच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात काढली. जिनिंग कधीच बंद पडलं, यंत्रं भंगारात गेली, शेड तेवढी उभी आहे. फोटो तिथंच काढतोय. पत्र्याला जागोजागी भोकं आहेत. कोपऱ्यात अडकलेली जुनी रुई जरा झटकली की त्या भोकांतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपा हवेत उभ्या दिसतात. असला प्रकाश भाड्यानं मिळत नाही.

सुरुवात सगळे करतात तशीच केली. मुलीला म्हटलं, ओरड. ती ओरडली, बाहेरची कुत्री भुंकायला लागली. फोटोत मात्र दात दिसतात, पडजीभ दिसते, गळ्याच्या शिरा दिसतात, राग काही दिसत नाही. आवाज काढून घेतला की ओरडणारा माणूस आणि दाढ दुखणारा माणूस यात फरक उरत नाही. मुलगी चांगली नटी आहे, दोष तिचा नाही. रंगमंचावर रागाला आधीची दहा मिनिटं असतात. फोटोला आधी काही नसतं.

मग मावशींना विचारलं, तुम्ही राग आला की काय करता?

"काय करते? भांडे घासते."

आम्ही हसलो. मावशी हसल्या नाहीत. पुढच्या खेपेला त्या घरून बुड काळं झालेलं जर्मनचं (अॅल्युमिनियमचं) पातेलं, काथ्या आणि चुलीतली राख घेऊन आल्या. पदर कमरेला खोचला, खिडकी उजव्या हाताला येईल अशा उकिडव्या बसल्या आणि घासायला लागल्या. आम्ही काही सांगितलं नाही. ओठ मिटलेले, जबडा आवळलेला. नजर पातेल्यात नाही, त्याच्या हातभर पुढं जमिनीवर. कॅमेरा ट्रायपॉडवर होता. शटर १/८ सेकंद उघडं. चेहरा आणि खांदे टणक आले. कोपराच्या खाली दोन्ही हात पुसून गेले, तिथं नुसते राखाडी फराटे. बांगड्यांच्या जागी एक हिरवी कमान उमटलीय.

मला हा फोटो सगळ्यात आधी लावायचाय. लाइटवाल्या मित्राला तो थंड वाटतो. त्याला मागून लाल जिलेटिन, म्हणजे दिव्यापुढं लावायचा रंगीत कागद, मारायचंय. तुमचं काय मत?

सरकी_पेंड

ताई, फोटो एक नंबर आलाय बगा. आमच्या घरात सकाळी असला आवाज यायलाय मनलं की मी गुपचूप गोठ्यात जाऊन बसतो. पन एक इचारू का? जिनिंगातल्या बाईचा राग भांड्यावर कशाला दाखवायलाव? मुकादमावर दाखवा की. मानवतला माझ्या मावसभावाकडं जिनिंग होतं, मी बगितलंय तिथलं बोलनं. बायाला धड नावानं कुनी हाक मारत नव्हतं.

दुधनाकाठ

@सरकी_पेंड दादा, हेच मी मावशींना विचारलं. उत्तर असं, "मुकादमाला कोन बोलनार? बोललं की हजेरी कापली." दिवसभर गिळायचं आणि रात्री पातेल्यावर काढायचं. म्हणून पातेलं. कुणावर राग आहे ते फोटोत नाही, हे खरं. पण ज्याच्यावर राग आहे त्याच्यासमोर तो दाखवायची सोय कितीजणींना असते?

नेपथ्य

आधी लाइटवाल्याची बाजू घेतो, कारण मीही तोच धंदा करतो. लाल रंग त्याच्या डोक्यात आला तो उगाच नाही. नाट्यशास्त्र लिहिणाऱ्या भरतानं रौद्र रसाचा स्थायीभाव, म्हणजे मुळातली भावना, क्रोध सांगितला, वर्ण रक्त, देवता रुद्र. आपण सगळे लहानपणापासून दशावतारी पडद्यापासून टीव्हीवरच्या मालिकांपर्यंत लाल उजेडात चिडलेली माणसं बघत आलोय. पण त्याच भरतानं रौद्राचे अनुभाव, म्हणजे अंगावर दिसणाऱ्या खुणा, दिलेत ते वाचा. लाल डोळे, चढलेल्या भुवया, दात-ओठ चावणं, गाल थरथरणं आणि हातावर हात चोळणं. मावशींनी ग्रंथ न उघडता शेवटचा अनुभाव पातेल्यावर करून दाखवलाय. अभिनय आधीच लाल असताना वरून लाल दिवा मारला की दुप्पट होत नाही, निम्मं होतं.

दुसरं. तुमच्या जुन्या फोटोंत (मुलीच्या) उजेड खालून आलेला दिसतो. तो काढून टाका. खालून उजेड म्हणजे भुताची गोष्ट. बघणारा घाबरतो आणि रस भयानकाकडे सरकतो. चिडलेल्या माणसाची भीती वाटणं वेगळं आणि त्याचा राग आपल्याला कळणं वेगळं. रागाला वरून-बाजूनं येणारा, कडक, एकच उजेड द्या. दोन भुवयांच्या मधली उभी आठी, नाकपुडीची कड आणि जबड्याचा गोळा ह्या तीन जागा त्यानंच उठतात. समोरून पसरट उजेड दिला की तिन्ही गायब, माणूस आधारकार्डावर आल्यासारखा दिसतो. आणि सावलीच्या बाजूला पांढरा थर्माकोल लावायचा मोह होईल, तो आवरा. उलट काळं कापड टांगा. ते उरलासुरला उजेड खाऊन टाकतं.

मसाला_दूध

एवढा खल कशाला? पोतराज बोलवा. उघडं अंग, कपाळाला मळवट, हातात आसूड, मागं जिनिंगची भिंत. राग, मराठवाडा, लोककला, सगळं एका फ्रेममध्ये. पुरस्कार पक्का.

बालाघाट

@मसाला_दूध माझे आजोबा पोतराज होते. मरीआईचा गाडा, म्हणजे देव्हारा, डोक्यावर घेऊन आजी पुढं, आजोबा मागं, गावोगाव. आसूड अंगावर ओढायचा तो रागानं नाही. तो ओढल्याशिवाय सुपातलं धान्य झोळीत पडत नव्हतं. वडलांनी केस कापले, शाळा धरली आणि ते सगळं सोडलं. आमच्या घरात खरा राग कधी दिसत असेल तर कुणी कौतुकानं "तुमची कला जपा" म्हणालं की. तो फोटोत घ्यायचा तर घ्या.

मसाला_दूध

मागे घेतो. पण प्रश्न खोटा नाही. मराठवाड्याचा राग म्हणून लोक काय ओळखतील? पातेलं तर पुण्यातही घासतात.

लाल_दिवा

मी लातूरचा. स्टुडिओ होता, आता मुलगा बघतो, म्हणजे बंदच आहे म्हणा.

मराठवाड्याचा राग कसा दिसतो ते सांगतो. २०१६ चा उन्हाळा. मिरजेहून पाण्याची रेल्वे आली ते सगळ्यांना आठवतं, जलदूत नाव होतं, देशभरचे कॅमेरे आले होते. त्याच्या आधी मार्चमध्ये शहरात पाणी भरण्याच्या जागांभोवती जमावबंदी लावावी लागली होती, ते कुणाला आठवत नाही. पाचापेक्षा जास्त माणसं एकत्र जमायची नाहीत, का तर घागरीवरून डोकी फुटतील. मी तेव्हा कॅमेरा घेऊन हिंडलो. हाणामारीचा एकही फोटो माझ्याकडं नाही. जे आहेत ते रांगेतल्या घागरींचे. एका बाईनं आपली घागर रांगेत ठेवली होती आणि तिच्या काठावर पाय ठेवून ती उभी होती. नुसता पाय. चेहरा मी फ्रेममधून कापला. तो बघून आजही लोक विचारतात, ही एवढी का चिडलीय? तेव्हा ताई, तुमचं पातेलं पुण्यातलं वाटू नये अशी इच्छा असेल तर राख आणि जर्मन दिसू द्या, शेडची भिंत दिसू द्या. बाकी मराठवाडा वेगळा चिकटवू नका.

आता धंद्याची गोष्ट. अख्ख्या हयातीत माझ्याकडं कुणी "माझा रागातला फोटो काढा" म्हणून आलं नाही. उलट निगेटिव्हवर शिसपेन्सिलीनं दोन भुवयांमधली आठी भरून काढायचे पैसे मिळायचे. लग्नाच्या फोटोतल्या कित्येक सासवांचा राग मी स्वतःच्या हातानं पुसलाय.

लाल रंगाबद्दल. जुन्या ऑर्थो नावाच्या कृष्णधवल फिल्मला लाल दिसत नव्हता, लाल म्हणजे तिला काळोख. डार्करूममध्ये लाल दिवा चालायचा तो त्याच कारणानं, छपाईचा कागदही लालला आंधळा. त्या फिल्मवर माणसाची कातडी सावळी आणि खडबडीत यायची, तापलेला चेहरा तर आणखी काळवंडायचा. तुमच्या संगणकावर हे आता फुकट आहे. रंगीत फोटो कृष्णधवल करताना लाल वाहिनी (रेड चॅनल) खाली घ्या, निळी-हिरवी वर आणा. मावशींच्या गालावर, कानाच्या पाळीवर, गळ्यापाशी जिथं रक्त चढलं असेल तिथं डाग गडद होतील. लाल दिवा न लावता लाल दिसेल. फक्त प्रमाणात, नाहीतर चेहरा आजारी दिसतो.

दुधनाकाठ

@लाल_दिवा काका, रात्रीच करून बघितलं. कानाची पाळी! मूळ फोटोत तिकडं लक्षच गेलं नव्हतं. पण कृष्णधवल केलं की बांगड्यांची हिरवी कमान जाते आणि मला ती हवीय. अडचण आहे.

लाल_दिवा

मग रंगीतच ठेवा. कमान जास्त मोलाची. आणि १/१५ वर एकदा घ्या. १/८ ला हात फारच पुसले जात असतील, तर १/१५ ला बोटांचा आकार थोडा उरेल. रिअर कर्टन सिंकवर, म्हणजे शटर मिटायच्या जरा आधी, छोटा फ्लॅश मारायचा पर्यायही आहे, फराट्याच्या टोकाला हात गोठलेला येतो. पण त्या जिनिंगच्या उजेडात फ्लॅश म्हणजे पुरणपोळीवर सॉस.

खडकी

एक जुनं भांडण उकरतो. चित्र काढायच्या आधी माणसाला खरंच चिडवावं का? फोटोग्राफर यूसुफ कार्शनं काढलेला चर्चिलचा फोटो सगळ्यांना माहीत आहे. डिसेंबर १९४१, ओटावा. चर्चिल तोंडातला सिगार सोडेना, कार्शनं पुढं होऊन तो काढून घेतला आणि परत येऊन बटण दाबलं. तो वैतागलेला चेहरा पुढं युद्धातल्या जिद्दीचं प्रतीक म्हणून मिरवला गेला. म्हणजे सिगार गेल्याचा राग आणि हिटलरवरचा राग बघणाऱ्याला सारखाच दिसला. आपण मथळा देतो तसा राग दिसतो, हे लक्षात ठेवा.

याच्या बरोबर उलटं टोक म्हणजे जुना फोटोग्राफर रेजलँडर. डार्विननं १८७२ मध्ये भावनांवरच्या पुस्तकात त्याचे फोटो वापरले. तेव्हा फोटो काचेच्या प्लेटवर घ्यायचे, त्या मंद, भाव धरून ठेवावा लागायचा, त्यामुळं रेजलँडरनं काही भाव स्वतःच कॅमेऱ्यासमोर उभं राहून करून दाखवले. विज्ञानाच्या पुस्तकात सरळसरळ अभिनय.

आणि वेरूळला जवळ असून तुम्ही लोक जात नाही. १५ व्या लेण्यातला नरसिंह बघा. मांडीवर घेऊन पोट फाडलेलं नाही अजून. दोघं उभे आहेत, हिरण्यकशिपूच्या हातात शस्त्र आहे आणि नरसिंहाचा हात येऊन पडतोय. त्या शिल्पकारानं क्षण आधीचा निवडला. सकाळी-संध्याकाळी उजेड तिरका असताना जा. मात्र ट्रायपॉड न्यायचा असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढा, गेटवर वाद घालून काही होत नाही.

नेपथ्य

@खडकी चिडवण्याबद्दल माझं स्पष्ट मत आहे. चर्चिलला चिडवता येतं, कारण तो उठून निघून जाऊ शकतो. मावशींना चिडवायचं तर त्यांना आधीच चिडवून झालंय.

गोदाकाठी

वकील आहे, त्यामुळं रसभंग करते. पाच जण मिळून काम करताय, तर फोटो कुणाचा? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात छायाचित्राचा कर्ता म्हणजे फोटो घेणारी व्यक्ती. लाइट कुणी केला, कल्पना कुणाची, पातेलं कुणी आणलं, हे कायदा तिथं विचारत नाही. म्हणजे आज मावशींचा फोटो एखाद्या संग्राहकानं विकत घेतला तर हक्क सरसकट दुधनाकाठचा. तुम्हाला ते नको असेल तर साध्या मराठीत एक करार करा. कुणाचं नाव कुठं, पैसे आले तर वाटा किती आणि फोटो कुठं लावायचा नाही. शेवटचं कलम लोक विसरतात आणि सगळी भांडणं तिथंच होतात.

खडकी

याला धरूनच दोन दाखले. पुष्पमाला एन. आणि क्लेअर अर्नी यांनी २००० ते २००४ या काळात दक्षिण भारतातल्या स्त्रियांच्या प्रतिमांवर मालिका केली. पुष्पमाला स्वतः कॅमेऱ्यासमोर, अर्नी कॅमेऱ्यामागं, आणि नावं दोघींची. दुसरा दाखला आपल्याच राज्यातला. गौरी गिल यांनी २०१५ पासून जव्हारच्या कोकणा आणि वारली मुखवटा कलावंतांबरोबर काम केलं. बोहाडा या तिथल्या मुखवट्यांच्या उत्सवात देवादिकांचे मुखवटे असतात. इथं रोजच्या जगण्यातले मुखवटे कागदाच्या लगद्यातून घडवले गेले आणि गावातलीच माणसं ते घालून कॅमेऱ्यासमोर आली. २०१७ ला ते काम डॉक्युमेंटा या मोठ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनापर्यंत पोचलं. मुखवट्यामागचा माणूस चिडलाय की हसतोय ते कळत नाही, खांद्यांवरून ओळखावं लागतं. तुमच्या मुलीला एकदा तोंड झाकून चिडायला सांगा. नाटकवाली आहे, पाठीनं चिडेल.

दुधनाकाठ

@खडकी पाठीची कल्पना उचलली. जिनिंगच्या लोखंडी दाराला ती दोन्ही हात लावून उभी आहे, दार उघडत नाही (खरंच गंजलंय). मानेपासून कमरेपर्यंतच घेतली. पार्लरवाल्या मैत्रिणीनं ब्लाउजची पाठ पाण्यानं भिजवली, घामासारखी. तिनं एवढंच केलं आणि फोटो फिरला. लाइटवाला आता लाल जिलेटिनचं नाव काढत नाही.

@गोदाकाठी ताई, करार केला. पाचही नावं, पाच समान वाटे. मी वाचून दाखवला तेव्हा मावशींनी दोन गोष्टी सांगितल्या. नाव छापायचं नाही. आणि प्रदर्शन सेलूत लावायचं नाही. परभणीत लावा, मुंबईत लावा. "सेलूत माझी सून हिंडती. तिला वाटंल, हिच्यावरच राग काढायली."

मग मी पेचात. सहकार्य म्हणून नाव द्यायला निघाले तर ज्यांचा फोटो सगळ्यात भारी त्यांनाच नाव नको.

बालाघाट

नको म्हणाल्या तर नको. नाव देऊन तुम्ही मोठ्या दिसता, त्या नाही. नाव न देण्याचा निर्णय त्यांचा आहे हे मात्र पाटीवर लिहा, "नाव त्यांच्या इच्छेनुसार दिलेलं नाही". नाहीतर शंभर वर्षांपूर्वीच्या फोटोंसारखं होतं, फोटोग्राफरचं नाव मोठं आणि खाली नुसतं "एक मजूर स्त्री".

गोदाकाठी

बालाघाटशी सहमत. नाव नसलं तरी वाटा सुटत नाही, तेवढं करारात नीट लिहा.

लाल_दिवा

ताई, एक सुचवू? जुन्या स्टुडिओत माझ्याकडं रबरी नळीला हवेचा फुगा होता. दाबला की शटर. घरातला कर्ता माणूस तो मुठीत लपवून सहकुटुंब फोटोत बसायचा. तुमच्या कॅमेऱ्याला वायरवाला रिमोट असेलच. तो मावशींच्या पायाखाली द्या. घासता घासता त्यांना वाटेल तेव्हा त्या दाबतील. तुम्ही फक्त फ्रेम लावून बाजूला व्हा. राग कधी चढतो ते तुमच्यापेक्षा त्यांना जास्त कळतं.

गोदाकाठी

काका, तुम्ही कायद्याची गंमत केलीत. बटण मावशींनी दाबलं तर फोटो घेणारी व्यक्ती मावशीच, असा युक्तिवाद मी कोर्टात आनंदानं करेन.

दुधनाकाठ

करून आले. बरेच फोटो वाया गेले, कारण पाय दाबताना मावशींचं लक्ष पायाकडं जायचं आणि चेहरा सैल पडायचा. मग त्यांनीच रिमोट टाचेखाली घेतला. उकिडवं बसून जोर लावला की शरीर पुढं झुकतं, टाच उचलली जाते, आणि हात मागं येताना ती आपोआप खाली टेकते. म्हणजे प्रत्येक फोटो पातेल्यावरचा एक जोर संपतानाचा. मी ठरवून हे जमवलं नसतं. हात मागं येत असल्यानं फराटे आता छातीकडं वळलेत, आधी ते बाहेर फेकल्यासारखे होते. लाइटवाल्याला पहिलाच आवडतो. मावशींना दुसरा. मालिकेत दुसरा जाणार.

छपाई मॅट कागदावर करतेय. ग्लॉसीवर राखेचा पोत मरतो आणि काळ्या भागात बघणाऱ्याचंच तोंड दिसतं.

मसाला_दूध

आणि ओरडणारा फोटो?

दुधनाकाठ

@मसाला_दूध एक ठेवलाय, छोट्या आकारात, शेवटच्या भिंतीवर. मुलीचा हट्ट. तिचंही मत पाचातलं एक आहे.

सरकी_पेंड

ताई, हा धागा मी घरी वाचून दाखवला. बायको मनायलीय, मलाबी बसवा फोटोला. मी इचारलं, तुला कशाचा राग? तर नुसतं बगितलं माझ्याकडं. घेऊन येऊ का शनवारी? भांडे घरचेच आनतो.

दुधनाकाठ

या की. सकाळी नऊच्या आत पोचा, नंतर ऊन खिडकीवरून सरकतं. वहिनींना सांगा, भांडं जर्मनचं किंवा पितळेचं आणा, स्टीलचं नको, चमक मारतं. आणि त्या बसल्या की तुम्ही शेडच्या बाहेर थांबायचं.